सराव पाठ

माझ्या दंडाला पट्टा गुंडाळणाऱ्या मुलीचे हात थरथरत होते. माझे नव्हते. बायपासला सहा आठवडे होऊन गेले होते, छातीचं मधलं हाड तारेनं शिवलेलं होतं, डाव्या पायाची एक शीर काढून वर हृदयाला जोडलेली होती. एवढं सगळं होऊनही त्या हॉलमधला सगळ्यात घाबरलेला माणूस आपण नाही, याचं मला फार बरं वाटलं.

"काका, बोलू नका हं," ती म्हणाली. मी बोलतच नव्हतो. मग तिनं स्टेथोस्कोप कानात घातला, फुगा दाबला, हवा सोडली आणि काट्याकडे टक लावून बसली. पहिल्यांदा १४८ आले, दुसऱ्यांदा १३२. तिसऱ्या खेपेला तिला काहीच ऐकू आलं नाही, आणि चौथ्या खेपेपर्यंत माझ्या बोटांना मुंग्या आल्या. कोपऱ्यात उभ्या असलेल्या मॅम हातातल्या कागदावरून नजर न उचलता म्हणाल्या, "पट्टा उलटा आहे."

मला एकदम काहीतरी आठवल्यासारखं झालं. हे दृश्य मी पाहिलेलं होतं. एकदा नव्हे, तीसेक वर्षं.

मी सांगलीतल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. आमची शाळा सराव पाठांसाठी नेमून दिलेली. दरवर्षी डी.एड.ची मुलं-मुली यायची. इस्त्रीचे कपडे, हातात गुंडाळलेले तक्ते, आणि रात्र जागून लिहिलेलं पाठ टाचण. मी माझा वर्ग त्यांच्या स्वाधीन करायचा आणि शेवटच्या बाकावर वही घेऊन बसायचं. पाठाच्या पायऱ्या ठरलेल्या. आधी प्रस्तावना, मग हेतुकथन, मग विषय विवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. "सांगा पाहू, आज आपण काय शिकणार आहोत?" असं विचारताना त्या मुलींच्या घशाला जी कोरड पडायची ती मला शेवटच्या बाकावरून दिसायची. तास संपला की मी शेरा लिहीत असे. बहुतेकदा एकच: "आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला नाही."

आणि आता, सदुसष्टाव्या वर्षी, मी पुढच्या बाकावर आलो होतो. खरं तर बाकावरही नाही. सराव पाठातल्या फळ्याला जर मन असतं तर त्याला जे वाटलं असतं, ते मला वाटत होतं.

आमच्या या कार्यक्रमाचं नाव 'कार्डिॲक रिहॅब'. हृदयाला एकदा दणका बसला, शस्त्रक्रिया झाली, की नंतर देखरेखीखाली हळूहळू व्यायाम करायचा. माझा आठवड्यातून तीन दिवस, बारा आठवडे. आपल्याकडे ही सोय अजून मोजक्या ठिकाणी आहे, आणि जिथे फिजिओथेरपीचं कॉलेज जोडलेलं आहे तिथे पेशंटबरोबर विद्यार्थीही असतात. चार वर्षांचा अभ्यास झाला की इंटर्नशिप. त्यात ही मुलं या विभागातून त्या विभागात फिरत राहतात. त्याला पोस्टिंग म्हणतात. हाडांचं पोस्टिंग, मेंदूचं पोस्टिंग, लहान मुलांचं पोस्टिंग, आणि आमचं 'कार्डिओ'. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात आम्ही माणसं नसून एक पोस्टिंग आहोत हे मला तिसऱ्याच दिवशी कळलं. "तुझं काय चाललंय?" "कार्डिओ." एवढ्यात मी, मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी, एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर आणि मिरजेचे तंबोरे करणारे गृहस्थ, सगळे येऊन जातो.

देखरेख हा शब्द मात्र फसवा आहे. माझ्यावर देखरेख ती मुलगी करते. तिच्यावर मॅम करतात. मॅमवर हृदयरोगतज्ज्ञ. आणि घरी आल्यावर सौभाग्यवती माझ्यासकट सगळ्यांवर. भडंगाचा डबा कोणत्या फळीवर हलवलाय हे आमच्या घरात आता फक्त तिलाच माहीत आहे.

तासाची रचना बघून मला आणखीच घरच्यासारखं वाटलं. सुरुवातीला दहा मिनिटं वॉर्म-अप: मान, खांदे, घोटे. म्हणजे प्रस्तावना. मग ट्रेडमिल किंवा सायकल, हे विषय विवेचन. शेवटी कूल-डाऊन, म्हणजे संकलन. ते टाळून पट्ट्यावरून एकदम खाली उतरायचं नाही, कारण चालताना पायांकडे वळलेलं रक्त तिथेच रेंगाळतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि गृहपाठ तर होताच: रोज सकाळी सपाट रस्त्यावर वीस मिनिटं चालणे, वही ठेवणे, वहीवर सही घेणे. आयुष्यभर मुलांच्या वह्यांवर सह्या केल्या, त्याची अशी परतफेड झाली.

ट्रेडमिलबद्दल मी मुद्दाम वाचून ठेवलं होतं, कारण मास्तराला तयारीशिवाय वर्गात जायला आवडत नाही. १८१८ च्या सुमाराला विल्यम क्यूबिट नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं हे यंत्र तुरुंगातल्या कैद्यांसाठी आणलं. मोठ्या चाकाच्या पायऱ्यांवर तासन्‌तास चढत राहायचं, आणि पोचायचं कुठेच नाही. एकोणिसावं शतक संपता संपता ब्रिटनच्या तुरुंगांतून ते हद्दपार झालं. ही माहिती मी ट्रेडमिलवर चढता चढता त्या मुलीला दिली. ती म्हणाली, "काका, दांडी हलकी धरा. लटकू नका." वर्गातल्या हुशार मुलानं मध्येच विषयांतर केलं की मीही असंच करायचो.

आता तिच्या आकड्यांबद्दल सांगायला हवं.

बायपासनंतर जी गोळी मिळते तिनं हृदयाचा वेग आवरलेला असतो. तुम्ही कितीही धापा टाका, नाडी आपली सरकारी कचेरीसारखी संथ. मग पेशंटला किती श्रम होताहेत हे कसं ओळखायचं? त्यासाठी गुन्नार बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं एक पट्टी तयार करून ठेवली आहे. भिंतीवर तिचा तक्ता लावलेला असतो आणि दर थोड्या वेळानं विद्यार्थी विचारतो, "काका, किती वाटतंय?" आपण आकडा सांगायचा. पट्टी सहापासून सुरू होते आणि वीसला संपते. सहा म्हणजे काहीच श्रम नाहीत, अकरा म्हणजे हलकं, तेरा म्हणजे थोडं जड, पंधरा जड, सतरा फार जड, आणि वीस म्हणजे आता पुढे काहीच नाही.

"सहापासूनच का? शून्यापासून का नाही?" मी विचारलं. हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला माझ्या वर्गात फार आवडला असता.

ती खुलली. तिला उत्तर येत होतं. "धडधाकट तरुण माणसाची नाडी साधारण साठपासून दोनशेपर्यंत जाते ना काका, म्हणून. आकड्याला दहानं गुणलं की अंदाजे नाडी." पाठ केलेलं होतं, पण चांगलं पाठ केलेलं होतं. मला ही परीक्षा पसंत पडली. काहीही न करता सहा मार्क, आणि तेराच्या पुढे गेलात की नापास.

सांगलीच्या माणसाला पट्टी समजावून सांगावी लागत नाही. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फूट झालं, हे आम्ही पावसाळ्यात झोपेतून उठल्या उठल्या विचारतो. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ साली पाणी सत्तावन्नच्या वर गेलं तेव्हापासून तर आमच्याकडची पोरं पाढ्यांच्या आधी फूट शिकत असतील. तेव्हा मी मनाशी हिशेब बसवला: तेरा म्हणजे इशारा पातळी. पंधरा म्हणजे धोका. सतराला जनावरं आणि धान्य वरच्या मजल्यावर. तिला हे सांगितलं तर ती हसत सुटली आणि तिचीच नाडी वाढली असावी. ती विदर्भातली. तिला फूट माहीत नव्हते.

तंबोरेवाल्यांना पट्टी अजिबात मान्य नव्हती. "किती वाटतंय?" याचं उत्तर ते कधी आकड्यात देत नसत. एकदा म्हणाले, "आवाज सुरात आहे, पण जवारी गेलीय." त्या मुलीनं वहीत 'जवारी' लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "काका, पुस्तकात सापडलं नाही." मग त्यांनी तिला शांतपणे समजावलं की तारेखालची घोडी झिजली की सूर तोच राहतो पण त्याचं गुंजन जातं, आणि मग ती घासून घासून पुन्हा जमवावी लागते. "किती वेळ लागतो?" तिनं विचारलं. "घाई नसेल तर लवकर होतं," ते म्हणाले.

मला मात्र घाई होती. तिचं कारण म्हणजे माझे मामा.

मी शाळकरी असताना मामांना झटका आला होता. तेव्हा डॉक्टरांनी सहा आठवडे अंथरुणावर सक्त पडून राहायला सांगितलं. कूस बदलायची तर दुसऱ्यानं बदलवायची. मामा बरे झाले, पण उठले ते काचेचं भांडं होऊनच. पुढची बावीस वर्षं त्यांनी जिना चढला नाही, बादली उचलली नाही, लग्नात अक्षता टाकतानासुद्धा हात जपून वर केला. घरात कुणी मोठ्यानं बोललं की मामी डोळ्यांनी दटावायची. ते हृदयविकारानं गेले नाहीत. ते त्याआधीच बरेचसे जाऊन बसले होते.

ही गोष्ट मी सायकल चालवता चालवता त्या मुलीला सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि मग तिच्याकडची गोष्ट सांगितली. पुढच्या आठवड्यात तिला मॅमपुढे सेमिनार द्यायचा होता, त्याची रंगीत तालीम माझ्यावर झाली. बॉस्टनमधल्या सॅम्युएल लेव्हिन या डॉक्टरांना वाटलं की हे पेशंट रोगानं जितके खचतात तितकेच पडून राहण्यानं खचतात. त्यांनी आपल्या हाताखाली शिकणाऱ्या बर्नार्ड लॉन या तरुण डॉक्टरला कामाला लावलं, आणि दोघांनी झटका आलेल्या माणसांना उचलून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली. नुसतं बसवलं, बरं का. तेवढंही तेव्हा धाडसाचं वाटायचं. १९५२ साली त्यांनी ते छापलं. पुढे या लॉननं इतर डॉक्टरांबरोबर अण्वस्त्रविरोधी संघटना काढली, आणि १९८५ चं शांततेचं नोबेल त्या संघटनेला मिळालं. "म्हणजे तो पण इंटर्नच होता की!" मी म्हटलं. "इंटर्न नाही काका, फेलो," ती म्हणाली, पण तिचा चेहरा उजळला होता.

मग डॅलसची गोष्ट. १९६६ साली तिथे पाच धडधाकट, विशीतल्या पोरांना तीन आठवडे नुसतं झोपवून ठेवलं. उठले तेव्हा त्यांचा दमसास पार घसरलेला. तीस वर्षांनी तीच पाच माणसं पन्नाशीत पुन्हा शोधून काढून तपासली. तीस वर्षांच्या वयानं जेवढं नेलं नव्हतं, तेवढं तेव्हाच्या तीन आठवड्यांच्या अंथरुणानं नेलं होतं.

मी पायडल मारायचा थांबलो होतो. मामांचे सहा आठवडे, आणि वर बावीस वर्षं. "काका, थांबू नका, हळू चालू ठेवा," ती म्हणाली. मी चालू ठेवलं.

तर ही घाई घेऊन मी ट्रेडमिलवर चढत असे, आणि त्यातूनच ती भानगड झाली.

त्या दिवशी मॅम वही घेऊन शेजारीच उभ्या होत्या. मुलीचं मूल्यमापन होतं. तिनं वेग थोडा वाढवला, चढ एक टप्पा वर घेतला. तीन मिनिटांत माझ्या कपाळावर घाम आला, पोटऱ्या भरून आल्या. खरा आकडा सोळा. तिनं विचारलं, "काका, किती वाटतंय?" मी तिच्याकडे पाहिलं. पांढऱ्या एप्रनच्या खिशाला धरलेली तिची बोटं पाहिली. मला शाळा तपासणीचा दिवस आठवला. साहेब वर्गात यायच्या आधी आम्ही मुलांना पढवून ठेवायचो: उत्तर येत असेल त्यानं उजवा हात वर करायचा, येत नसेल त्यानं डावा, पण हात सगळ्यांनी वर करायचा. आणि पोरं काय इमानदार! डी.एड.च्या एखाद्या रडकुंडीला आलेल्या ताईला सांभाळून घ्यायला माझ्या वर्गातली द्वाड पोरंसुद्धा पुतळ्यासारखी बसलेली मी पाहिली आहेत.

मी उजवा हात वर केला. म्हणजे, "बारा," असं म्हटलं.

मॅमनी वहीत लिहिलं नाही. म्हणाल्या, "काका, तुमचा घरचा पत्ता सांगा बघू. पूर्ण."

"घर नंबर... दोनशे... गणपती... पेठेच्या..." एवढ्यावर माझी गाडी थांबली. पिनकोडपर्यंत पोचायचं बळ नव्हतं.

पट्टा हळू झाला. श्रम बेताचे असतील तर माणूस सलग वाक्य बोलू शकतो, हा त्यांचा साधा, फुकटचा मापदंड. त्याला तक्ताही लागत नाही. मॅम मुलीला रागावल्या नाहीत. "त्यांनी सांगितला तो आकडा," एवढंच म्हणाल्या, "आणि हा त्यांचा चेहरा. तुझ्या नोंदीत फक्त एकच आलंय." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही शिक्षक होता ना? कॉपी करू देत होता मुलांना?"

सदुसष्टाव्या वर्षी माझे कान लाल झाले. हळदीच्या व्यापाऱ्यांनी सायकलवरून तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हसत होते.

घरी जाताना रिक्षात विचार केला. मुलीला वाचवायला मी बारा म्हटलं, ही अर्धी गोष्ट. सोळा म्हटलं असतं तर वेग कमी झाला असता, आणि वेग कमी होणं म्हणजे मला मामांच्या खाटेकडे एक पाऊल मागे गेल्यासारखं वाटायचं. म्हणजे कॉपी मी माझ्याचसाठी केली होती, तिच्या नावावर. वर्गातली पोरं माझ्यापेक्षा बरी होती म्हणायची.

पुढच्या वेळी मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "मला कळलं होतं काका. तुमचे ओठ पांढरे पडले होते. पण मॅम समोर होत्या, आणि तुम्ही बारा म्हणालात, तर मला पण बरंच वाटलं." यावर काय बोलणार? दोघांनी मिळून नवा करार केला: ती दोनदा विचारेल, मी एकदाच सांगेन, पण खरं.

सहा मिनिटं चालण्याची परीक्षा सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा होते. तीस मीटरचा व्हरांडा, दोन्ही टोकांना प्लॅस्टिकचे शंकू, आणि सहा मिनिटांत जेवढ्या फेऱ्या होतील तेवढ्या. धावायचं नाही. दम लागला तर भिंतीला टेकून थांबायचं, घड्याळ मात्र थांबत नाही. यातली गंमत म्हणजे विद्यार्थ्यानं काय बोलायचं हेही ठरलेलं. दर मिनिटाला तेच ते शांत वाक्य: छान चाललंय, आता इतकी मिनिटं राहिली. जोरात नाही, लाडात नाही, "शाब्बास, अजून जरा!" तर मुळीच नाही, नाहीतर आकड्यांत पेशंटचे पाय किती आणि विद्यार्थ्याचा उत्साह किती हे कळायचं नाही. माझ्या डी.एड.वाल्यांना हे कुणी शिकवलं असतं तर किती बरं झालं असतं.

व्हरांड्यात डबे घेऊन बसलेले नातेवाईक माझ्याकडे कुतूहलानं बघत होते. पाचव्या फेरीला एका आजींनी कळवळून विचारलं, "वॉर्ड सापडत नाही का हो?" मला बोलायला वेळ नव्हता. सातव्या फेरीला त्यांनी शेजारणीला सांगितलं, "डोक्याचं असणार."

पहिल्या परीक्षेत मी ३१० मीटर चाललो होतो. बारा आठवड्यांनंतर त्याच शंकूंमध्ये ४३५ झाले. पण हा आकडा त्या मुलीनं लिहिला नाही. तिचं पोस्टिंग आधीच संपलं होतं.

कधी संपलं ते मला कळलंही नाही. एका सोमवारी ती नव्हती. मॅम म्हणाल्या, "ती आता पिडियाट्रिकला." शनिवारी जाताना तिनं माझ्या वहीवर सही केली होती आणि खाली पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं होतं. घरी चष्मा लावून पाहिलं: "प्रगती चांगली. दांडीला लटकण्याची सवय अजून आहे." शेरा माझ्या वळणाचा होता. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

तिच्या जागी नवीन मुलगी आली. एप्रनची घडी मोडलेली नव्हती. मी न सांगता बाही वर केली, पाय जमिनीला टेकवले, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला ठेवला आणि तोंड मिटलं. तिनं पट्टा घेतला, उलटसुलट करून पाहिला. नळ्या कोणत्या बाजूला येतात ते मला एव्हाना पाठ झालं होतं. मी काही बोललो नाही. फक्त कोपराची घडी जरा वर केली. तिनं पाहिलं, पट्टा फिरवला आणि गुंडाळला.

मग ट्रेडमिल. वेग ४.२. तिसऱ्या मिनिटाला ती काहीतरी पुटपुटली. यंत्राच्या घरघरीत मला ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा विचारलं, आणखी हळू.

"मोठ्यानं विचार बाळ, आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायला पाहिजे, ते तंबोरेवाले काका तिकडे सायकलवर बसलेत ना, त्यांनासुद्धा ऐकू आलं पाहिजे!" मी म्हणालो.

एका दमात.

कोपऱ्यातून मॅम म्हणाल्या, "लिही. बारा."